बत्तखमधलं पाणी

श्रावण सरत आला की लखनौत पुरवैया सुटते. पूर्वेकडून येणारं ओलं, संथ वारं. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत गोळे होतात, दारं फुगून चौकटीत अडकतात. या वाऱ्यात जुनी दुखणी वर येतात असं इथले लोक मानतात, आणि आमच्या रेल्वे कॉलनीतले गुडघे, कंबरा, कधीकाळी मोडलेली मनगटं या दिवसांत खरोखरच कुरकुरू लागतात. माझे गुडघे अजून शाबूत आहेत. माझं जे दुखणं या वाऱ्याबरोबर वर येतं ते निराळं आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी एका सत्तरीच्या माणसावर जळत होतो. ऑफिसात, जेवताना, आंघोळ करताना जळत होतो. आज सकाळी खिडकी उघडली, ते वारं अंगाला लागलं, आणि तो सगळा पावसाळा पुन्हा नाकातोंडात गेला. शेवाळाचा वास, ओल्या दोरांचा वास, रेझिनचा डोक्यात जाणारा वास.

मी अकोल्याचा. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर, नळाची वेळ आणि भरून ठेवलेली पिंपं. समुद्र मी नोकरीला लागल्यावर पाहिला. पोहता मला अजूनही येत नाही. रेल्वेत मी रुळांच्या खात्यात आहे. पावसाळ्यात रुळांखालचं पाणी काढून देणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम. अशा माणसाच्या पोटी ईरा जन्मली. शाळेच्या सहलीत भोपाळच्या तलावावर तिने शिडाची बोट पाहिली आणि परत आली ती एकच धोशा घेऊन: पप्पा, मुझे सेलिंग सीखनी है.

ईरा माझ्याशी हिंदीत बोलते. मराठी तिला सगळी कळते, पण तोंडातून येते ती लखनौची हिंदी, तीही अदबीची. मला ‘आप’ म्हणते. आम्ही दोघं नवराबायको तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते. घरात हे इतकं मुरलेलं की आमच्या ते लक्षातही येत नसे.

तेलीबागेच्या पुढे रायबरेली रोड सोडून आत गेलं की एक मोठी झील आहे. तिच्या काठी एक लहानसा बोट क्लब. पत्र्याची शेड, लाकडी धक्का, चार-पाच जुन्या बोटी. क्लबातले एक गृहस्थ बदली होऊन चालले होते, त्यांची फायबरची छोटी बोट मी ईरासाठी घेतली. मागच्या बाजूने बघितलं तर ती डुलत चालणाऱ्या बदकासारखी दिसायची, म्हणून ईराने तिचं नाव ठेवलं बत्तख. आणि त्याच दिवशी, बोटीचं नाव रंगवून होत नाही तोच, शेडमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून आवाज आला, “नाव मागे लिहिलंस होय गो? मग समोरनं येणाऱ्याला कळायचं कसं?”

मराठी. लखनौत, झिलीच्या काठावर, अस्सल रत्नागिरीची मराठी.

ते भाटकर. आयुष्यभर समुद्रावर नोकरी केलेले, बायको लखनौची म्हणून निवृत्तीनंतर तेलीबागेत घर बांधलेले. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, ते इथेच राहिले. उंच, सडसडीत, उन्हाने रापलेले. डोक्यावर मळकी कापडी टोपी. मी पुढे होऊन ओळख करून देणार, इतक्यात माझ्या मागून ईरा म्हणाली, “दोन्हीकडे लिहिते, काका.”

मी वळून पाहिलं. हे वाक्य माझ्या मुलीच्या तोंडून आलं होतं. स्वच्छ, सरळ मराठी वाक्य. सोळा वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो हे मला ठाऊकही नव्हतं, ते एका परक्या माणसाला पहिल्याच भेटीत, फुकटात मिळालं होतं.

त्या क्षणी छातीत जे झालं त्याला मी आधी अभिमान समजलो. घरी येताना गाडीत कळलं, तो अभिमान नव्हता.

दर रविवारी सकाळी आम्ही झिलीवर जायचो. मी धक्क्यावर उभा, थर्मास हातात. ते दोघं पाण्यात. पावसाळी आभाळ खाली उतरलेलं, अमौसीला उतरणारं एखादं विमान ढगातून अचानक डोक्यावर यायचं, आणि पाण्यावरून भाटकरांचा आवाज. “दोर सैल सोड. आता ओढ. वारा गालावर घे, डोळ्यांनी नको बघूस.” मग ईराचं हसू. पाण्यावरून हसू फार लांबवर येतं, हे मला तिथे कळलं. शब्द तुटतात, हसू मात्र सबंध पोचतं. घरी आल्यावर ताटावर बसली की, काका म्हणतात असं, काका म्हणतात तसं. भाटकर भात कसा खातात, हेसुद्धा मला माहीत झालं होतं.

प्रियकराच्या मत्सराला जगात मोठा मान आहे. बापाच्या मत्सराला बसायला कुणी पाटसुद्धा देत नाही. तो करायचा तरी कुणापाशी उघड? मुलगी काहीतरी चांगलं शिकते आहे, शिकवणारा भला माणूस आहे, एक पैसा घेत नाही. तक्रार काय करणार?

बत्तखमध्ये पाणी साचायचं. बोटीत बसायची जी खोलगट जागा असते, ते कॉकपिट, तिथे घोट्याएवढं पाणी कायम. लाट आत आली की साचे, पाऊस आला की साचे, आणि निघता निघत नसे. दोर त्यात लोळत, ईराच्या पायांना चिखल्या झाल्या, आठवडाभर उभ्या बोटीत डासांची अंडी दिसू लागली. ती प्लास्टिकच्या मग्ग्याने पाणी उपसत बसायची आणि तेवढ्यात वारा निघून जायचा. वजनाने बोट जड, सुस्त व्हायची. क्लबात दसऱ्यानंतर छोटीशी शर्यत असे. ईराला त्यात उतरायचं होतं आणि बत्तख अशी पाणी पिऊन बसलेली.

माझ्या मनात मात्र दिवाळी झाली. पाणी साचतंय! पाणी काढणं हे तर माझं काम. या एका गोष्टीत या झिलीवर माझ्याएवढं कुणाला कळत नव्हतं, भाटकरांनाही नाही.

मी पॅन्ट दुमडून बोटीत उतरलो आणि पालथा पडून पाहिलं. पाणी जायला मागे दोन भोकं होती, करंगळी जाईल एवढी. त्यावर जाळी, जाळीत पिंपळाची पानं कुजलेली. तिथून पाइप निघायचा तो आत दोन वळणं घेऊन बाहेर पडायचा. आणि कॉकपिटचा तळ सपाट, उलट पुढच्या बाजूला किंचित उतरता. म्हणजे पाणी जिथून जायचं तिथे पोचतच नव्हतं.

“वळणं काढायची,” मी म्हणालो. “सरळ, रुंद पाइप. तळाला मागच्या बाजूला उतार द्यायचा. पाण्याला विचार करायला लावायचा नाही, रस्ता दाखवायचा.”

भाटकर शांतपणे म्हणाले, “देशमुख, बोट म्हणजे रूळ नव्हे. रुळाखालची जमीन हलत नाही. ही हलते. मोठं भोक पाणी बाहेर सोडतं, तसं आतही घेतं.”

ईरा आम्हा दोघांकडे बघत होती. मग तिने भाटकरांना विचारलं, “काका, तुम्हाला काय वाटतं, करायचं का?”

त्यांना विचारलं. माझ्या बोलण्यावर त्यांची परवानगी मागितली. मी पॅन्ट खाली केली. ओली कड पायाला चिकटली ती घरी येईपर्यंत तशीच होती.

भादव्यात लखनौभर तापाची साथ होती. भाटकर आडवे झाले. बत्तख शेडमध्ये लाकडी घोड्यांवर उलटी ठेवली होती आणि काठावर मी आणि ईरा, दोघंच. ते रविवार माझे होते. लाटूश रोडच्या बाजारातून मी ड्रिलला लावायचं गोल करवतीचं पातं आणलं, पीव्हीसीचे जाड पाइप, काचेचं कापड, रेझिन. बोटीच्या मागच्या उभ्या फळीत भोक पाडताना ईराने पेन्सिलची खूण दोनदा तपासली. “पप्पा, पक्का ना?” मी म्हटलं, पक्का. पातं फिरलं, फायबरची पांढरी पूड उडाली, तिच्या भुवयांवर बसली, आणि ती साठ वर्षांची बाई दिसायला लागली. आम्ही हसलो. मग बोट सुलटी करून तळाला उतार देण्यासाठी रेझिन पसरलं, तिने पॉलिश पेपरने घासलं, मी उतार मोजायची पाण्याची पट्टी ठेवून बुडबुडा पाहिला. दुपारी क्लबासमोरच्या टपरीवरची गरम खस्ता कचोरी खाल्ली. शेडच्या पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होता की बोलताना एकमेकांच्या कानाशी वाकावं लागे. मला तो पाऊस थांबायला नको होता. आणि खरं सांगायचं तर भाटकरांचा तापही लवकर उतरावा अशी घाई मला नव्हती.

तो उतरला. ते आले, आणखी बारीक होऊन, टोपी डोळ्यांपर्यंत घसरलेली. त्यांनी पाइपमध्ये मूठ घातली, आरपार काढली. “काम नीट आहे,” एवढंच म्हणाले. जमिनीवरच मी बोटीत बादल्या ओतून दाखवल्या. पाणी तळावरून मागे धावत गेलं आणि दोन धारांनी भसाभस बाहेर पडलं. ईराने टाळ्या वाजवल्या. मी भाटकरांकडे बघितलं. तेही टाळ्या वाजवत होते, म्हणून मला राग आला.

मग बत्तख पाण्यात सोडली. पहिल्या फेरीला तिघंही बसलो. मी मागे, माझ्या पाइपांजवळ, दोन्ही बाजूंना हात पसरून, वऱ्हाडातल्या लग्नात वरबाप बसतो तसा.

धक्का सुटला आणि माझ्या पायांना गार लागलं. खाली पाहिलं. दोन्ही पाइपांतून झील आत येत होती. हळूहळू, मजेत, कसलीही घाई नसल्यासारखी.

“मागे वजन झालंय,” भाटकर म्हणाले. “पाइपांची तोंडं पाण्याखाली गेलीत.”

ईरा एक क्षण थांबली. मग अगदी हळू आवाजात, मला लागू नये अशा बेताने म्हणाली, “पप्पा, आप एक बार उतर जाइए ना.”

आम्ही धक्क्याला परत लागलो. मी उतरलो. माझं वजन निघताच बत्तखची शेपटी वर आली आणि आतलं सगळं पाणी, एकूण एक थेंब, माझ्याच पाइपांतून माझ्या डोळ्यांदेखत बाहेर वाहून गेलं. कॉकपिट कोरडं. ते दोघं आत, हसरे, कोरडे. वारा आला, शीड फुगलं, बत्तख गेली. मी हातात बूट घेऊन धक्क्यावर उभा. पाणी अगदी बरोबर निघालं होतं. मला काढून टाकल्यावर.

त्या संध्याकाळी हज़रतगंजला काही खरेदी होती. दिव्यांची रांग, ओले फूटपाथ, चाट खाणारी गर्दी, आणि मी तोंड पाडून मृणालच्या मागे चालत होतो. मृणाल माझी बायको, विद्यापीठात शिकवते, कमी बोलते. एका दुकानासमोर थांबून म्हणाली, “अहो, किती दिवस चालणार हे?”

“काय?”

“त्या म्हाताऱ्यावर जळणं.”

मी म्हटलं, तसं काही नाही. ती म्हणाली, “तुम्हाला निदान धक्क्यावर उभं तरी राहता येतं. घरी आल्यावर ती तुम्हाला सगळं सांगते. मला काय सांगते? आई, भूक लागली. रविवारभर मी घरी एकटी असते, तेव्हा मी कुणावर जळू? तुमच्यावरच ना?”

तिने हे हसत म्हटलं, पण डोळे हसत नव्हते. आम्ही मेट्रोने परत आलो. काचेत आमची दोघांची तोंडं शेजारी शेजारी दिसत होती, आणि पहिल्यांदाच वाटलं की हे दुखणं घरात एकट्याला झालेलं नाही. पुढच्या रविवारी मृणालही झिलीवर आली. तिने सगळ्यांसाठी थालीपीठं आणली होती, आणि ईरा तिच्या हाताला धरून बत्तख दाखवायला घेऊन गेली. “हे पप्पांनी केलं,” पाइप दाखवत ती आईला म्हणाली. मराठीत. मला कुणी काही म्हणालं नव्हतं, पण मी ते ऐकलं.

मी पाइप बुजवायला तयार नव्हतो. विचार करकरून शेवटी बाहेरच्या तोंडांवर जाड रबराची झडप बसवली, वरच्या कडेला धरलेली, फक्त बाहेर उघडणारी. आतलं पाणी ढकलून जाईल. बाहेरचं दाबेल तर झडप मिटेल. भाटकरांनी ती बोटाने उचलून सोडून बघितली. मग म्हणाले, “अर्धं काम झालं. उरलेलं वजनाने करू.” नांगर, सुटे दोर, पाण्याचा कॅन, सगळं त्यांनी पुढे हलवलं. बसायच्या जागा पुढे सरकवल्या. माझ्या झडपेने झील अडली, त्यांच्या वजनाने शेपटी वर राहिली. यातलं एक काढलं असतं तर दुसरं फुकट गेलं असतं. हे मला तिथेच दिसत होतं, आणि तरी मनात सारखं हेच की लोक विचारतील तेव्हा ईरा कुणाचं नाव आधी घेईल.

पाऊस परतीला लागला होता. शर्यतीआधीचा रविवार. आभाळ सकाळी निळं होतं. ईरा सुकाणूवर, भाटकर पुढे. दोघं झिलीच्या मध्यावर असताना पश्चिमेकडून एक काळा पट्टा पाण्यावरून धावत आला. मला वाटलं ढगाची सावली आहे. ती वाऱ्याची झोड होती.

बत्तख एकदम कलली. शीड पाण्याला टेकतं की काय असं झालं. मग ती सरळ होऊ लागली तोच एक लाट बाजूवरून चढून आत पडली, आणि तिच्यामागे दुसरी. कॉकपिट काठोकाठ भरलं. धक्क्यावरून मला ईराची फक्त मान आणि केशरी जॅकेट दिसत होतं. क्लबचा माणूस मोटरबोटची दोरी खेचत होता, इंजिन नुसतं खोकत होतं. मृणालने माझं मनगट धरलं होतं. मला पोहता येत नाही. माझ्यासारख्या माणसाने त्या वेळी काय करायचं असतं? मी फक्त बत्तखच्या मागच्या फळीकडे बघत राहिलो.

झडपा उघडल्या. दोन्ही. जाड, गढूळ दोन धारा मागे सुटल्या. तिसरी लाट आत आली, धारा तुटल्या नाहीत. बोट जड, आंधळी झाल्यासारखी डुलत होती आणि तिच्या पाठीतून पाणी जात होतं, जातच होतं. “निघतंय! ईरा, निघतंय!” मी ओरडत होतो. तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. हळूहळू बत्तख हलकी झाली, वर आली. भाटकरांनी शीड अर्धं उतरवलं, ईराने तोंड किनाऱ्याकडे वळवलं, आणि त्या दोघांनी ती धक्क्याला आणली.

उतरल्या उतरल्या ईराने मिठी मारली ती भाटकरांना. ते शेजारी होते, दोघं थरथरत होते, दोघांनी एकच भीती पाहिली होती. मी टॉवेल घेऊन उभा होतो. टॉवेल एकच होता. मृणालने आपली ओढणी ईराच्या खांद्यांवर टाकून तिला जवळ घेतलं, आणि मी टॉवेल भाटकरांच्या भोवती गुंडाळला. म्हातारा माणूस, ओठ निळे पडलेले, टोपी झिलीत गेलेली. टोपीशिवाय ते फारच लहान दिसत होते. मी त्यांची पाठ चोळत होतो आणि हाताला बरगड्या लागत होत्या. त्यांचे दात वाजत होते, पण काहीतरी सांगायचं होतं. मी कान जवळ नेला.

“देशमुख,” ते म्हणाले, “भोकं अजून थोडी मोठी हवी होती.”

मला इतकं हसू आलं की मी खाली बसलो. ईरा रडत होती, मला हसताना बघून तीही हसायला लागली. पुढच्या रविवारच्या शर्यतीत ती शेवटून दुसरी आली. कॉकपिट कोरडं ठणठणीत होतं. कुणीतरी विचारलं, ही बोट आतून एवढी कोरडी कशी? ती म्हणाली, “पप्पा और काका ने.” मी ‘पप्पा’ पहिलं आलेलं टिपलं. भाटकरांनीही टिपलं असावं. त्यांनी उगाच घसा साफ केला.

आता ईरा विशाखापट्टणमला बोटी बांधण्याचं शिक्षण घेते. बत्तख भाटकर आणि मी, दोघं म्हातारे-अर्धेम्हातारे, चालवतो. मी मध्यभागी, हलायचं नाही अशा सक्त ताकिदीवर. रविवारी संध्याकाळी भाटकर आमच्याकडे येतात, कारण रविवारी ईराचा फोन येतो. मी तो स्पीकरवर ठेवतो. आधी मला वाटायचं की मी हे मोठ्या मनाने करतो. पण तसं नाही. ती दोघांना वेगवेगळा फोन करू लागली तर कुणाशी जास्त वेळ बोलते याचा हिशेब माझ्या डोक्यात सुरू होईल, म्हणून करतो.

परवाच्या रविवारीही फोन आला. ईरा खुशीत होती. “पप्पा, काका, यहाँ एक नए सर आए हैं,” ती म्हणाली, आणि मग सरांबद्दल बोलत राहिली. सर लाकडावरून नुसता हात फिरवून सांगतात बोट कुठे अडखळेल. सर त्यांच्या गावची भाषा शिकवतात. सर म्हणतात असं. सर म्हणतात तसं. मी भाटकरांकडे बघितलं. चहाचा कप त्यांनी तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला होता.

फोन संपला.

“मोठ्या जहाजांचे असतील हे सर,” भाटकर म्हणाले. “लहान बोट निराळी असते.”

“अगदी निराळी,” मी म्हणालो.

“वय काय असेल माणसाचं?”

“तिने सांगितलं नाही.”

“विचारायला हवं होतं तुम्ही.”

“तुम्ही विचारायचं होतं की.”

आत मृणाल हसली. आम्ही दोघं चहा पीत बसलो, एकमेकांकडे न बघता, अगदी सख्ख्या भावांसारखे.